दोन्ही टोकं परराज्यात: यावल-रावेर रस्त्याची गोष्ट

यावलहून रावेरकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याला सरकारी कागदात आणि बातम्यांत एकच नाव आहे: बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग. लहानपणी मला या नावाचा राग यायचा. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, अंकलेश्वर गुजरातेत. रस्ता आमचा, खड्डे आमचे, धूळ आमच्या ओट्यावर, आणि नाव दोन परमुलखातल्या गावांचं! बरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. यावलचा माणूस फैजपूरपर्यंत जातो, फैजपूरचा सावद्यापर्यंत, सावद्याचा रावेरपर्यंत. केळीचा ट्रक तेवढा लांब जातो, पण त्यालाही अंकलेश्वरशी काही देणंघेणं नसतं.

यावल ते रावेर हा तुकडा जेमतेम चाळीसेक किलोमीटरचा. पूर्ण रस्ता मात्र लांब आहे. बऱ्हाणपूर, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, मग गुजरातेत डेडियापाडा, नेत्रंग आणि शेवटी अंकलेश्वर. म्हणजे खानदेशाचा उत्तर काठ पूर्वेकडून पश्चिमेकडे अख्खा शिवून काढणारा रस्ता. त्यातला हा आमचा टाका समजून घेतला, तर राज्य महामार्ग म्हणजे नेमकं काय, त्याला नाव-नंबर कोण देतं आणि दर पावसाळ्यानंतर तो का उखडतो, हे बऱ्यापैकी कळतं.

आधी दगड वाचायला शिकू. माझे एक मामा बांधकाम खात्यात मैलकुली होते. हा शब्द आता ऐकू येत नाही. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीची देखभाल एकेका माणसाकडे असे. खड्डा बुजवायचा, साइडपट्टीचं गवत काढायचं, मोरीत अडकलेला काडीकचरा ओढायचा, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचे. मोजणी मैलात होती तेव्हाचा हा हुद्दा, किलोमीटर आल्यावरही नाव तेच राहिलं. मामा सांगायचे, दगडाचं डोकं बघ, रस्त्याची जात कळते. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, काळं किंवा निळं असलं तर जिल्हा मार्ग. नारिंगी पट्टा दिसला की तो पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला गावरस्ता, ही योजना २००० सालच्या डिसेंबरात सुरू झाली. दर पाचव्या किलोमीटरचा दगड बाकीच्यांपेक्षा मोठा असतो आणि त्यावर पुढच्या मोठ्या गावांची नावं असतात.

या जाती ठरल्या नागपुरात. १९४३ च्या डिसेंबरात, दुसरं महायुद्ध चालू असताना, देशातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते-आराखडा केला. तोच ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो. तोवर देशात रस्ते होते, पण कोणता कोणाचा, कोणी किती खर्च करायचा, याचा घोळ होता. नागपुरात पाच पायऱ्या ठरल्या: राष्ट्रीय महामार्ग, राज्य (तेव्हा प्रांतिक) महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. राज्य महामार्गाचं काम ठरलं ते असं की त्याने जिल्ह्यांची ठाणी आणि मोठी बाजारगावं एकमेकांना आणि राष्ट्रीय महामार्गांना जोडायची, शेजारच्या राज्यातल्या तशाच रस्त्यांना हात द्यायचा.

या सगळ्याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे, हे मला फार उशिरा कळलं. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. मोटारी वाढत चालल्या होत्या आणि बैलगाडीसाठी केलेले रस्ते त्यांच्याखाली पिठासारखे उधळत होते. समितीचं म्हणणं थोडक्यात असं की रस्ता हा फक्त लोकल बोर्डांच्या कुवतीचा प्रश्न राहिलेला नाही, पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठी बाजूला ठेवा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज पंपावर पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठी जे पैसे मोजतो, त्याची सुरुवात इथली.

पुढे घटनेने वाटणी पक्की केली. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत, बाकीचे रस्ते राज्यांच्या यादीत. मुंबई राज्याने १९५५ साली स्वतःचा महामार्ग कायदा केला. राज्य सरकार अधिसूचना काढून एखादा रस्ता महामार्ग म्हणून जाहीर करतं, ते याच कायद्याच्या आधारे. जाहीर झाल्यावर रस्त्याची हद्द, कडेला बांधकाम किती अंतर सोडून करायचं, अतिक्रमण कोणी काढायचं, हे सगळं लागू होतं. म्हणजे ‘महामार्ग’ हा शब्द रुंदीचा नाही. नुसतं ‘महा’ ऐकून चार पदरांची अपेक्षा ठेवली तर निराशा पदरी येते. एकपदरी रस्ता ३.७५ मीटर, मधला ५.५ मीटर, दुपदरी ७ मीटर अशी मापं आहेत, आणि यातल्या कोणत्याही मापाचा रस्ता कागदावर राज्य महामार्ग असू शकतो.

आता नावाचं कोडं. १९४३ चा नकाशा डोळ्यांपुढे आणा. महाराष्ट्र नाही, गुजरात नाही. मुंबई प्रांत आहे आणि त्यात भडोच जिल्हा आहे. अंकलेश्वर त्याच जिल्ह्यातलं. पूर्व आणि पश्चिम खानदेश हे जिल्हेही त्याच प्रांतातले. खानदेश एकच मोठा जिल्हा होता, त्याचे हे दोन भाग १९०६ साली झाले. मध्ये डेडियापाड्याकडचा डोंगराळ पट्टा तेवढा राजपीपळा संस्थानात होता, तोही १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आला. म्हणजे अंकलेश्वर ते रावेर हा रस्ता एकाच सरकारच्या अंगणात होता आणि रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरला तो शेजाऱ्याच्या दारात पोचायचा. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. रस्ता जागचा हलला नाही, सीमा त्याच्या अंगावरून गेली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या रस्त्याला दोन परराज्यांतल्या गावांचं नाव राहिलं, आणि कोणाला ते बदलावंसंही वाटलं नाही.

पण ही वाट नागपूर योजनेच्या फार आधीची आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ते खानदेशाचं जुनं राजधानीचं शहर. फारुकी सुलतानांचं पहिलं ठाणं थाळनेर, शिरपूरजवळचं, आणि नंतरचं बऱ्हाणपूर. या दोन राजधान्यांच्या मधल्या मुलखातूनच आपला रस्ता जातो. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि खानदेश मोगली सुभा झाला, तेव्हाही कारभार बऱ्हाणपूरहूनच चाले. दुसऱ्या बाजूला सुरतेचं बंदर. परदेशी माल सुरतेला उतरायचा आणि बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जायचा. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० साली सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला. त्याने टिपलेल्या मुक्कामांत थाळनेर, चोपडा, यावल, रावेर ही नावं ओळखू येतात, अर्थात त्याच्या कानाला ऐकू आली तशी. चारशे वर्षांनी यावल डेपोची गाडी त्यातली शेवटची दोन गावं त्याच क्रमाने घेते.

वाट इथेच का पडली, तापीच्या अगदी काठाने का नाही? याचं उत्तर जमिनीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काही कोसांचा सपाट पट्टा. सातपुड्यातून मोर, सुकी, भोकर अशा नद्या उतरतात आणि दक्षिणेकडे धावत तापीला मिळतात. तापीचं पात्र खोल आहे, तिच्या उंच काठांना पावसाने घळी पाडल्या आहेत. नदीला चिकटून वाट काढली तर बैलगाडी दर थोड्या अंतरावर घळीत उतरवायची आणि पुन्हा चढवायची. उलट डोंगराला अगदी खेटून गेलं तर गोटे, उतार आणि पावसाळ्यात अंगावर येणारे लोंढे. मधून गेलं की नाले आडवे येतात, पण पात्र आटोक्यात असतं. पायवाट, बैलवाट, डांबरी रस्ता, सगळ्यांनी हाच हिशेब केला.

खानदेशातल्या रस्त्यांचा नकाशा मला शिडीसारखा दिसतो. तापीच्या दक्षिणेला धुळे-जळगाव-भुसावळ हा जुना सहा नंबर महामार्ग म्हणजे एक खांब, उत्तरेला आपला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता हा दुसरा. तापीवरचे पूल म्हणजे मधल्या पायऱ्या. भुसावळहून पूल ओलांडला की एक रस्ता यावलला जातो, दुसरा पाडळसे, बामणोद, आमोद्यावरून फैजपूरला. (निम्न तापी प्रकल्पाचं पाडळसे ते हे नव्हे, ते अमळनेर तालुक्यात.) वरच्या अंगाला हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की तापीची पातळी वाढते, आणि शिडीच्या पायऱ्या किती मोलाच्या आहेत ते पलीकडच्या काठावरच्या माणसाला नीट कळतं.

चला, आता प्रत्यक्ष निघू. यावल हे तालुक्याचं गाव. निंबाळकरांचा भुईकोट किल्ला अजून अंगावर गवत घेऊन उभा आहे. जुन्या काळी यावलचा हातकागद आणि नीळ नावाजलेली होती. गाव सोडलं की चितोडा, सांगवी, हिंगोणा. हिंगोण्याच्या अंगाला मोर नदी, तिच्यावर वरच्या बाजूला धरण. दोन्हीकडे केळी. पट्टा असा की भर मे महिन्यात गाडीच्या खिडकीतून येणारी झुळूक दोन क्षण ओली लागते.

मग फैजपूर. इथे जरा थांबायला हवं. जुन्या काळी हे रंगाऱ्यांचं गाव, इथली कापडावरची रंगाई आणि छपाई लांबवर माहीत होती. पण गावाचं नाव देशभर गेलं ते १९३६ च्या डिसेंबरात. काँग्रेसची अधिवेशनं तोवर शहरांत भरत. ती खेड्यात भरवावीत हा गांधीजींचा आग्रह होता, आणि पहिलं खेडं निघालं फैजपूर. २७ आणि २८ डिसेंबरला अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी रान उठवलं. शेतात ‘टिळकनगर’ नावाचं तात्पुरतं गाव वसवलं गेलं. सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, माती, चटया असल्या गावच्याच सामानातून ते नगर नटवलं. गांधीजींनी खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन उघडलं. आज अधिवेशनाच्या गोष्टी सांगताना सगळे भाषणांबद्दल बोलतात. मला कुतूहल आहे ते वाटांचं. जवळचं रेल्वे स्टेशन सावद्याचं, आणि तेही सावदा गावापासून चांगलंच लांब. एवढी माणसं, एवढं पाणी, एवढा शिधा, हे सगळं त्या वेळच्या गाडरस्त्यांवरून शेतात आणायचं म्हणजे काय झालं असेल!

फैजपूर-सावदा अंतर इतकं कमी की चालत निघालेला माणूस ‘आलोच’ म्हणतो. सावदा म्हणजे केळीचा बाजार. मुंबईहून आलेली रेल्वे भुसावळला फुटते, एक फाटा नागपूरकडे, दुसरा तापी ओलांडून सावदा, निंभोरा, रावेर करत बऱ्हाणपूर-खंडव्याकडे. या फाट्याने आमच्या केळीला उत्तरेची बाजारपेठ दाखवली. वॅगन भरून केळी दिल्लीला जायची. आज बराचसा माल ट्रकने जातो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भाव विचारायला आमचे शेतकरी अजून बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे कान लावून बसतात. तेवढ्यापुरतं तरी रस्त्याच्या नावातलं ‘बऱ्हाणपूर’ खरं आहे. सावद्यापुढे वाघोदा, विवरे ओलांडलं की रावेर. पुढे तासाभराच्या आत मध्य प्रदेश.

आता सगळ्यात कळीचा प्रश्न: हा रस्ता का उखडतो? ‘ठेकेदार खातात’ हे पारावरचं उत्तर आहे आणि ते सर्रास खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण रस्ता अगदी प्रामाणिकपणे केला तरी त्याला दोन शत्रू उरतात.

पहिला, पायाखालची काळी माती. कपाशीची ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला हे चालतं. रस्त्याला चालत नाही, कारण डांबराचा थर कडक आणि खालची जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होणारी. म्हणून काळ्या मातीत रस्ता करताना आधी चांगल्या मुरमाचा जाड थर टाकून दाबावा लागतो, कधी मातीत चुना मिसळावा लागतो, त्यावर खडीचे थर, आणि सगळ्यात वर डांबर. डांबर हे रस्त्याचं छप्पर आहे, ताकद खालच्या थरांची. छपराला भोक पडलं आणि पाणी आत गेलं की खालचा मुरूम भिजतो, चाकाखाली दबतो आणि आठवड्यात वाटीचं घमेलं होतं. मामांच्या हातातलं फावडं म्हणूनच खड्ड्यापेक्षा जास्त वेळ साइडपट्टीवर चालायचं. साइडपट्टी उंच झाली की पाणी रस्त्यावर तुंबतं, म्हणून तिला बाहेरच्या अंगाला उतार ठेवायचा. आणि इथे तर दोन्हीकडे बागायत. ठिबक येण्याआधी पाटाने पाणी दिलं जायचं, म्हणजे कडेची जमीन उन्हाळ्यातही ओली.

दुसरा शत्रू वजन. हे गणित ऐकलं की विश्वास बसत नाही. एका आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. अभियंते याला चौथ्या घाताचा नियम म्हणतात: दोन हा आकडा चार वेळा मांडा आणि सगळे एकमेकांना गुणा. म्हणून हजारो मोटारसायकली जे करत नाहीत, ते वाजवीपेक्षा जास्त भरलेला एक डंपर करून जातो. खड्ड्याचा सूड केळीवर निघतो. गाडी आदळली की घड घासतात, सालीवर काळे डाग पडतात आणि व्यापारी भाव पाडतो.

रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरतं वाहतूक गणनेवरून. कधी रस्त्याकडेला मंडप टाकून माणसं वहीत रेघोट्या ओढताना दिसली असतील, तीच ही. सलग सात दिवस, रात्रंदिवस मोजणी चालते. पण बस आणि सायकल सारखी कशी मोजायची? म्हणून प्रत्येक वाहनाचं मोटारकारमध्ये रूपांतर करतात. कार म्हणजे एक. मोटारसायकल अर्धी. ट्रक किंवा बस तीन. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार. आणि बैलगाडी? लहान असेल तर सहा, मोठी असेल तर आठ! कारण ती रस्ता अडवून सावकाश चालते आणि मागे रांग लावते. रस्त्याचा हा ‘भाव’ मी एकदा गावातल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाला सांगितला. तो म्हणाला, “मंग माह्या गाडीचे आठ गाड्यांयचे पैसे दे ना भो.”

वर्गवारी कागदावरची असते हे देशाला २०१६ च्या डिसेंबरात फार मजेशीर रीतीने कळलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झालं. आणि मग ठिकठिकाणी शहरातून जाणाऱ्या राज्य महामार्गांचे तुकडे पालिकांकडे वर्ग करून घ्यायची धावपळ सुरू झाली. रस्ता तोच, डांबर तेच, फक्त ‘राज्य महामार्ग’ ही पाटी गेली की दुकान उघडं. पण पाटीबरोबर देखभालीचा खर्चही पालिकेच्या गळ्यात आला, हे बऱ्याच जणांना नंतर उमगलं.

उलट दिशेचा प्रवासही होतो. राज्य महामार्ग केंद्राकडे गेला की राष्ट्रीय होतो, हिरवं डोकं पिवळं होतं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या आणि राष्ट्रीय महामार्गाच्या गोष्टी आमच्याकडे चहाबरोबर चालतात. त्या चर्चेत ऐकू येणारे तीन आकडी नंबर समजायला सोपे आहेत. २०१० मध्ये देशभर नंबर बदलले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना विषम, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम. भुसावळवरून जाणारा जुना ६ त्यात ५३ झाला, पूर्व-पश्चिम म्हणून विषम. मुख्य रस्त्याच्या शाखेला त्याच्या नंबरापुढे एक आकडा लावतात, म्हणून ७५३ म्हणजे ५३ ची शाखा. शाखा जास्त झाल्या की मागे अक्षर. पहूर, जामनेर, मुक्ताईनगर करत बऱ्हाणपूरला जाणारा ७५३ एल हा असाच एक भाऊबंद. लोक मात्र भुसावळला अजूनही ‘सहा नंबर हायवे’च म्हणतात, आणि पुढची वीस वर्षं तरी म्हणतील.

तर पुढच्या वेळी सावद्याजवळ गाडी खड्ड्यात आदळली, तर शिवी देण्याआधी दोन गोष्टी बघा: जवळच्या दगडाचं डोकं आणि तुम्ही गावाच्या हद्दीत आहात की बाहेर. हिरवं डोकं आणि हद्दीबाहेर, तर अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तालुक्याच्या उपविभागाकडे. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्गवाल्यांकडे. हद्दीच्या आत असाल, तर आधी नगरपालिकेत विचारा की रस्ता वर्ग झालाय का. अर्जात ‘अमुक हॉटेलासमोर’ लिहू नका, दगडावरचा किलोमीटर लिहा. मामा म्हणायचे, हॉटेलवाला नाव बदलतो, दगड बदलत नाही.